सद्वर्तनाचे पदक

मुंबईच्या चोरबाजारात तुम्ही कधी गेला आहात का? नाव ऐकून घाबरू नका. तेथे चोर भेटत नाहीत, जुन्या वस्तू भेटतात. मटण स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. भोंग्याचे ग्रामोफोन, बंद पडलेली घड्याळे, पितळी कुलुपे, जहाजावरचे कंदील, काचेची झुंबरे अशा कितीतरी वस्तू तेथे दाटीवाटीने मांडलेल्या असतात. प्रत्येक वस्तू कधीतरी कोणाच्या तरी घरात होती. ती येथे कशी आली, हे मात्र तिला सांगता येत नाही.

मी शाळेत शिक्षक होतो. जुनी नाणी जमवण्याचा मला छंद आहे. त्यामुळे सुट्टीत मुंबईला गेलो, की या गल्लीत माझी एक फेरी ठरलेली असे. तेथील एका दुकानदाराशी माझी चांगली ओळख झाली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही चाचाच म्हणू लागलो. मी गेलो, की चाचा बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवत आणि म्हणत, “मास्तर, बघा, तुमच्या नशिबात काय आहे ते.”

एकदा त्या डब्यात मला एक मोठे, काळवंडलेले चांदीचे नाणे दिसले. मी ते उचलले. चाचा हसून म्हणाले, “मास्तर, ते नाणं नाही. तमगा आहे तो.”

खरेच, ते पदक होते. वर अडकवण्यासाठी नक्षीदार कडी होती. तिची फीत केव्हाच गळून गेली होती. एका बाजूला लष्करी पोशाखातील एका दाढीवाल्या राजाचे चित्र होते. तो इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. त्याने १९०१ ते १९१० या काळात राज्य केले. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरे होती. त्यांचा अर्थ होता, ‘दीर्घ सेवा आणि सद्वर्तन यांबद्दल’.

मग चाचांनी आपले भिंग माझ्या हातात दिले आणि पदकाची कड बघायला सांगितली. ब्रिटिश सैन्यात एक चांगली पद्धत होती. ज्याला पदक मिळे त्याचे नाव पदकाच्या कडेवर कोरलेले असे. नावाबरोबर त्याचा क्रमांक, हुद्दा आणि पलटणही असे. त्यामुळे शंभर वर्षांनंतरसुद्धा पदक आपल्या मालकाचे नाव सांगते. मी भिंगातून वाचू लागलो. आधी एक क्रमांक होता. मग ‘सार्जंट’ हा हुद्दा. मग एक साधे इंग्रजी नाव. आणि शेवटी पलटणीच्या जागी लिहिले होते, ‘मिलिटरी प्रिझन स्टाफ कोअर’.

म्हणजे लष्करी तुरुंगाचे कर्मचारी दल! हा शिपाई तुरुंगातला पहारेकरी होता.

मी चाचांना अर्थ सांगितला. ते आश्चर्याने म्हणाले, “जेलरला तमगा? त्याने कोणती लढाई जिंकली?”

मीही हसलो. थोडी घासाघीस करून पदक विकत घेतले आणि खिशात टाकले. पण चाचांचा प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. ज्याने तोफेचा आवाज न ऐकता वर्षानुवर्षे किल्ल्या सांभाळल्या, त्याला पदक कशाबद्दल?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पुष्कळ वाचले. त्यातले थोडे तुम्हांला सांगतो.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश सैन्यातील शिक्षा फार क्रूर होत्या. शिपायाने मोठी चूक केली, की त्याला साऱ्या पलटणीसमोर बांधून उघड्या पाठीवर चाबकाचे फटके मारत. १८४६ साली लंडनजवळच्या हाउन्स्लो येथे फ्रेडरिक व्हाइट नावाच्या एका घोडेस्वाराला दीडशे फटके मारण्यात आले. काही आठवड्यांतच तो मरण पावला. साऱ्या इंग्लंडमध्ये हळहळ व्यक्त झाली. त्यानंतर पन्नासहून अधिक फटके मारायचे नाहीत, असा नियम झाला. पुढे १८६८ मध्ये शांततेच्या काळातील फटक्यांची शिक्षा बंद झाली आणि १८८१ मध्ये युद्धकाळातील शिक्षाही बंद झाली. पळून गेलेल्या शिपायाच्या अंगावर अक्षर गोंदवून त्याला जन्मभराचा डाग देत असत. ती रीतही १८७१ मध्ये थांबली.

फटक्यांच्या जागी दुसरी शिक्षा हवी होती. म्हणून १८४४ पासून सैन्याचे स्वतःचे तुरुंग उभे राहू लागले. पण आरंभी या तुरुंगांतील शिक्षाही विचित्र होत्या. कैद्यांनी तोफेचे गोळे उचलायचे, छातीपर्यंत आणायचे, काही पावले चालून दुसरीकडे ठेवायचे, आणि पुन्हा उचलून परत आणायचे. एकेका गोळ्याचे वजन दहा-बारा किलो, कधी त्याहूनही जास्त असे. दिवसभर घाम गाळून शेवटी गोळे होते तेथेच! जुने दोर उकलून त्यांचे तंतू सुटे करणे हेही एक काम होते. बोटे सोलवटून निघत.

इंग्लंडमधील ऑल्डरशॉट हे सैन्याचे मोठे ठाणे. तेथे १८७० साली एक मोठा लष्करी तुरुंग बांधून झाला. आत उजेड यावा म्हणून त्याचे छप्पर काचेचे केले होते. त्यामुळे शिपाई त्याला ‘काचघर’ म्हणू लागले. हळूहळू प्रत्येक लष्करी तुरुंगाला हेच नाव पडले. नाव किती नाजूक! पण ते ऐकताच भल्याभल्या शिपायांच्या पोटात गोळा येई.

या तुरुंगांचे काम सांभाळण्यासाठी १९०१ साली एक वेगळे दल स्थापन झाले. त्याचेच नाव माझ्या पदकावर होते. १९०६ मध्ये ते नाव बदलले. ‘तुरुंग’ हा शब्द गेला आणि ‘मिलिटरी प्रोव्होस्ट स्टाफ कोअर’ हे नाव आले. म्हणून हे पदक या पाच-सहा वर्षांतलेच असणार, हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

आता थोडे गणित करू. हे पदक मिळवण्यासाठी त्या काळी अठरा वर्षे सेवा करावी लागे. नुसती सेवा पुरत नसे, वर्तनही निर्दोष लागे. शिपायाच्या चुकांची नोंद एका कागदावर ठेवलेली असे. तो कागद पलटणीतून पलटणीत त्याच्या मागे जाई. त्या कागदावर गंभीर नोंद झाली, की पदक दूर गेलेच. म्हणजे माझ्या पदकाचा मालक १८८८ पूर्वीच सैन्यात भरती झालेला असणार. मुलांनो, तुमच्यापैकी कोणीही अजून अठरा वर्षांचे नसेल. तुम्ही जन्मल्यापासून आजपर्यंत जेवढे दिवस गेले, त्याहून अधिक दिवस हा माणूस नीट वागला होता, किंवा निदान त्याच्या कागदावर तसे लिहिले होते.

या दलात नवशिक्या तरुणांची भरती होत नसे. दुसऱ्या पलटणींत काही वर्षे काढलेले, शिस्तीचे, अनुभवी शिपाई निवडून येथे आणत. विचार करा, त्यांचे काम किती वेगळे होते! सीमेवरच्या शिपायापुढे शत्रू असतो. या शिपायापुढे शत्रू नव्हताच. त्याच्या ताब्यातील कैदी बहुतेक त्याच्यासारखेच शिपाई होते. कोणी रजा संपल्यावर वेळेवर परतला नाही. कोणी पहाऱ्यावर झोपला. कोणी दारू पिऊन दंगा केला, तर कोणी रागाच्या भरात साहेबाला उलट बोलला. शिक्षा संपली, की यांतील पुष्कळजण पुन्हा गणवेश चढवून आपापल्या पलटणीत जाणार होते. उद्या लढाई झाली, तर देशासाठी तेच मरणार होते.

अशा माणसांना रोज पहाटे उठवायचे, कवायत करून घ्यायची, खोल्या तपासायच्या, मोजदाद करायची आणि रात्री कुलूप लावायचे. कैदी चिडवेल, शिवी देईल, खोटे आजारपण सांगेल. तरी हात उचलायचा नाही. आणि एखाद्याचे आजारपण खरे असेल, तर ते ओळखायचे. दार बंद असते. भिंती उंच असतात. आत काय घडते, हे बाहेरच्यांना दिसत नाही. किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याच्यावर सारे अवलंबून असते.

ही किल्ली चुकीच्या हाती गेली तर काय होते, याचे उदाहरणही इतिहासात आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, इंग्लंडच्या केंट परगण्यात फोर्ट डारलँड नावाच्या लष्करी तुरुंगात एक शिपाई कैदेत होता. त्याला क्षयरोग झाला होता. तो ढोंग करतो आहे, असे समजून तेथील दोघा वरिष्ठ हुद्देदारांनी त्याला मारहाण केली. त्यात तो मरण पावला. त्या दोघांवर खटला झाला आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सरकारने न्यायमूर्ती ऑलिव्हर यांच्याकडे सर्व लष्करी तुरुंगांची चौकशी सोपवली. पुढे १९४६ साली ऑल्डरशॉटच्या काचघरात कैद्यांनी मोठा दंगा करून इमारतीची नासधूस केली. १९५८ मध्ये ती इमारत पाडून टाकण्यात आली.

फोर्ट डारलँडची हकिकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. त्या दोघांच्या अंगावरही गणवेश होता. त्या शिपायाचा मृत्यू झाला नसता, तर त्यांच्या वागण्याची नोंद कोठे झाली असती? कोठेच नाही. मी दिवा लावला आणि टेबलावरचे पदक पुन्हा हातात घेतले. सद्वर्तन! हा शब्द वाचला आणि मला माझी आठवीची वर्गखोली आठवली. आता जे सांगणार आहे, ते मी पुष्कळ वर्षे कोणालाही सांगितले नव्हते.

आठवीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. गुरुजी वर्गाबाहेर गेले, की मी खडू घेऊन फळ्याजवळ उभा राहत असे. जो बोलेल, त्याचे नाव फळ्यावर लिहायचे. गुरुजी परत आले, की त्या मुलांना छडी मिळे. खडूचा एवढासा तुकडा, पण तो हातात आला, की मला मी फार मोठा झाल्यासारखे वाटे. कालपर्यंत माझ्याशी गोट्या खेळणारी मुले माझ्याकडे भीतीने पाहत, हे मला आवडू लागले होते.

माझ्या शेजारी बाकावर एक मुलगा बसे. तो माझा सर्वांत जवळचा सोबती होता. एका संध्याकाळी मैदानावर आम्ही क्रिकेट खेळत होतो. तो पंच होता. एक धाव घेताना मला उशीर झाला आणि त्याने मला धावबाद दिले. मी बाद होतो, हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी भांडलो. तो म्हणाला, “अरे, तू माझा दोस्त आहेस, म्हणून खोटं कसं सांगू?” सगळी मुले हसली. मी बॅट टाकून घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी बाहेर गेले. वर्गात कुजबूज सुरू झाली. माझा सोबती मात्र मान खाली घालून नकाशा रंगवत होता. त्याने एक शब्दही काढला नव्हता. मी खडू उचलला आणि फळ्यावर सर्वांत वर त्याचे नाव लिहिले.

त्याने मान वर करून नाव पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तो काहीच बोलला नाही. गुरुजी आले आणि त्याच्या हातावर चार छड्या बसल्या. तो जागेवर आला, बसला आणि डाव्या हाताने नकाशा रंगवू लागला.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मला एक बक्षीस मिळाले. एक शाईचे पेन आणि एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर माझे नाव सुंदर अक्षरांत लिहिले होते आणि खाली लिहिले होते, ‘सद्वर्तनाबद्दल’. टाळ्या झाल्या. मी व्यासपीठावरून पाहिले, तर तोही टाळ्या वाजवत होता.

आता तुमच्या लक्षात आले असेल, की ते पदक मला का छळत होते. मला बक्षीस कोणी दिले? गुरुजींनी. त्यांनी काय पाहिले होते? स्वच्छ गणवेश, वेळेवर हजेरी आणि शांत वर्ग. फळ्यावर नावे कशी लिहिली जातात, ते त्यांना दिसत नव्हते. ते एकालाच ठाऊक होते, आणि त्याला कोणी विचारलेच नव्हते.

पदकाच्या मालकाचेही असेच असेल का? वरिष्ठांनी त्याला पदक दिले. पण ज्यांच्या खोल्यांना त्याने रोज कुलूप लावले, त्यांना विचारले असते, तर त्यांनी दिले असते का? कदाचित आनंदाने दिले असते. एखाद्या रात्री तापाने फणफणलेल्या कैद्याला त्याने पाणी नेऊन दिले असेल. शिवी देणाऱ्यापुढे त्याने आपली मूठ आवरली असेल. अशा गोष्टी कोणत्याही कागदावर येत नाहीत. त्याची अठरा वर्षे खरोखर तशी गेली असतील, तर चाचांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते. त्याने रोज एक लढाई जिंकली होती. ती त्याच्या स्वतःच्या रागाशी होती.

काळाबरोबर हे दलही बदलले. युद्धानंतर इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे शिपायांना सुधारण्यासाठी एक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सैन्यात परत जाणाऱ्यांना तेथे पुन्हा लष्करी शिक्षण मिळू लागले. ज्यांना सैन्य सोडावे लागणार, त्यांना बाहेरच्या जगात पोट भरता यावे म्हणून कामधंद्याचे शिक्षण मिळू लागले. तोफेचे गोळे इकडून तिकडे नेण्याचे दिवस संपले. १९९२ साली हे जुने दल ब्रिटिश सैन्याच्या एका मोठ्या विभागात सामील झाले. कैद्याला मोडायचे नाही, त्याला सावरायचे, हे शिकायला एका मोठ्या सैन्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मला तर एक साधी क्षमा मागायला चाळीस वर्षे लागली.

पुढच्या सुट्टीत मी माझ्या गावी गेलो. माझ्या सोबत्याचे तेथे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तो एका चाकाचे पंक्चर काढत होता. मला पाहताच त्याने ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसले आणि समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. मी खिशातून पदक काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याची सारी कथा सांगितली. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. मग कडेवरून बोट फिरवत तो म्हणाला, “नाव इथं असतं होय? बरंय. पुसलं जात नाही.”

मी म्हणालो, “फळ्यावरचंही पुसलं गेलं नाही. त्या दिवशी तू बोलला नव्हतास. मला माहीत होतं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. चहा आला. तो म्हणाला, “हात सुजला होता. आईनं विचारलं, तर पडलो म्हणून सांगितलं. छडी मिळाली असं सांगितलं असतं, तर वडिलांनी विचारलं असतं, नाव कोणी लिहिलं? मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तू तर रोज आमच्या घरी यायचास.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी त्याचे नाव फळ्यावर लिहिले होते, आणि त्याने माझे नाव घरात निघू दिले नव्हते. आमच्या दोघांपैकी सद्वर्तनाचे बक्षीस कोणाला मिळायला हवे होते, ते आता तुम्हीच सांगा.

ते पदक मी त्याला देऊ केले. त्याने ते घेतले नाही. “ज्याचं नाव आहे त्याचंच ते,” तो म्हणाला, “तू सांभाळ.” तेव्हापासून ते माझ्या टेबलावर आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी मॉनिटर असेल, कोणी संघाचा कप्तान असेल, कोणी घरात लहान भावंडांचा ताई किंवा दादा असेल. पुढे तुम्ही मोठे व्हाल. कोणी पोलीस, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, तर कोणी कारखान्याचा मालक होईल. कधी ना कधी तुमच्या हातात खडू येईल किंवा किल्ली येईल. तुमच्यापेक्षा दुबळा कोणीतरी तुमच्या ताब्यात असेल आणि तुम्हांला पाहणारे तिसरे कोणी नसेल. त्या वेळी वरिष्ठ काय म्हणतील, हे मनात आणू नका. समोरचा माणूस काय सांगेल, एवढे मात्र मनाला विचारा. तुमच्या वागण्याचा खरा साक्षीदार तोच असतो.